उरुमची की उरुम्की? एका 'क्यू'चा घोळ

नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट. चीनच्या वायव्येला शिनजियांगच्या राजधानीत एका निवासी इमारतीला आग लागली. सरकारी आकड्यानुसार दहा माणसं गेली. कोविडच्या टाळेबंदीमुळे लोकांना वेळेत बाहेर पडता आलं नाही, असा संताप देशभर उसळला आणि दोन दिवसांनी, हजारो किलोमीटर दूर शांघायमध्ये, लोक मेणबत्त्या, फुलं आणि कोरे कागद घेऊन एका रस्त्यावर जमले. रस्ता निवडला होता तो नावावरून. शांघायमध्ये त्या जळलेल्या इमारतीच्या शहराच्या नावाचा एक रस्ता आहे. पुढे त्या रस्त्याची पाटीच काढून नेतानाची छायाचित्रं जगभर फिरली.

ही बातमी इंग्रजीतून आली तेव्हा तिच्यात एका शहराची दोन स्पेलिंगं होती. शहराचं होतं यू-आर-यू-एम-क्यू-आय. पाटीवरच्या रस्त्याचं होतं डब्ल्यू-यू-एल-यू-एम-यू-क्यू-आय. मराठीत पहिल्याचं 'उरुम्की' झालं आणि दुसऱ्याचं 'वुलुमुकी'. वाचणाऱ्याला वाटणार, आग एकीकडे लागली आणि लोक भलत्याच नावाच्या रस्त्यावर का जमले? मी भाषांतराची कामं करतो, तेव्हा इतरांना हसायचा मला अधिकार नाही. मीही कित्येक वर्षं बिनदिक्कत 'उरुम्की' लिहीत होतो.

त्या नावात 'की' कुठेच नाही. शिनजियांगमधले, तुर्की कुळातली भाषा बोलणारे उइगुर लोक म्हणतात 'उरुमची'. चिनी लोक म्हणतात 'वूलूमूछी'. रशियन, तुर्की, उर्दू, सगळीकडे 'ची'च आहे. 'की' फक्त आपल्यासारख्यांच्या तोंडी आहे, कारण आपण हे नाव कानानं घेतलं नाही, इंग्रजी अक्षरांवरून डोळ्यानं घेतलं. आणि त्यातलं ते 'क्यू' अक्षर इंग्रजी नाहीच. ते कुठून आलं, हे कळलं की बाकीचा गुंता आपोआप सुटतो. पण त्याआधी नाव मुळात कुणाचं, ते बघू.

कुरणाचं नाव

तिएनशान पर्वताच्या उत्तर उतारावर, बोग्दा शिखराच्या पायथ्याशी हे शहर आहे. समुद्रापासून इतकं लांब असलेलं दुसरं मोठं शहर जगात नाही, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. दक्षिणेला तकलामकानचं वाळवंट आणि त्याच्या काठाकाठानं काशगर, खोतान, कुचा ही जुनी ओॲसिस शहरं. उइगुरांची शेती, बाजार, वस्ती मुख्यतः या दक्षिणेकडच्या भागातली. उत्तरेकडचा पट्टा मात्र गवताचा, म्हणजे गुराख्यांचा. सतराव्या-अठराव्या शतकात तिथे झुंगार या ओइरात मंगोल लोकांचं राज्य होतं. शहराचं नावही त्यांच्याच भाषेतलं मानतात. अर्थ सांगतात 'सुंदर कुरण'. इतरही व्युत्पत्त्या मांडल्या गेल्या आहेत आणि मला स्वतःला स्थलनावांचे इतके गोड अर्थ दिसले की जरा सावध व्हावंसं वाटतं. पण त्या उतारावर मंगोल गुराख्यांनी आपल्या कुरणाला नाव द्यावं, यात न पटण्यासारखं काही नाही.

म्हणजे उइगुरांनी हे नाव मंगोलांकडून उचललं, आपल्या जिभेला जुळवून घेतलं, आणि बाहेरच्या जगानं ते उइगुरांकडून घेतलं. आज त्या शहरात बहुसंख्य आहेत हान चिनी, म्हणजे चीनमधला मुख्य समाज.

नावाच्या शेवटच्या 'ची'बद्दल एक मोह आवरायला हवा. तुर्की आणि मंगोल दोन्ही कुळांत '-ची' हा धंदा दाखवणारा प्रत्यय आहे. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडेही आला: तोपची, मशालची, बावर्ची, तबलची. मग उरुमची म्हणजे 'उरुम'चं काहीतरी काम करणारा का? नुसत्या शेवटावरून असं ठरवायला लागलो तर 'पुण्याची', 'साताऱ्याची' यांच्याशीही नातं जुळवता येईल. तेव्हा तो नाद सोडलेला बरा.

उइगुर उच्चार नेमका कसा? त्यातले दोन्ही 'उ' आपले नव्हेत. ओठ 'ऊ' म्हणताना होतात तसे गोल करायचे आणि जीभ मात्र 'ई'च्या जागी ठेवायची. जर्मन किंवा फ्रेंच शिकलेल्यांना हा स्वर ओळखीचा असेल. रोमन लिपीत त्यासाठी 'यू'च्या डोक्यावर दोन टिंबं देतात. उइगुर आज ज्या अरबी वळणाच्या लिपीत लिहितात तिच्यात या स्वराला स्वतंत्र खूण आहे: वाव या अक्षरावर एक छोटीशी उभी रेघ. अरबी, उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, वाचणाऱ्यानं ओळखायचे असतात. उइगुरांनी आपल्या लिपीत सगळे स्वर लिहायची सोय करून घेतली आहे. आणि 'ची'मधला च? तोच तो, खाली तीन नुक्ते असलेला, फारसी-उर्दूतला 'चे'. म्हणजे मूळ लिपीत बघितलं तर या नावात कसलाही घोळ नाही. उर्दू वाचता येणारा माणूस ती 'ची' अचूक म्हणेल.

चिनी कानातून

आता चिनी भाषेकडे. चिनी लिपीत सुटी अक्षरं नसतात, एकेक चिन्ह म्हणजे एकेक अख्खा उच्चार, आणि हे उच्चार ठरलेले, मोजके. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, आपल्यासारखा खणखणीत 'र' नाही, म्हणून परक्या नावातला र आला की बहुधा 'ल' होतो. उच्चाराच्या शेवटी 'म्' येऊ शकत नाही, म्हणून त्याला एक स्वर चिकटवून 'मू' करावा लागतो. मग उ-रुम-ची या तीन तुकड्यांचे चार होतात: वू-लू-मू-छी. ही चिन्हं सुटी वाचली तर कावळा, लू नावाचं जुनं राज्य, लाकूड आणि नीटनेटकं असं काहीतरी निघतं. अर्थाशी काही घेणंदेणं नाही, फक्त आवाजासाठी घेतलेली चिन्हं.

हसू येत असेल तर आपल्याच आजीचं 'इस्कूल' आणि 'फिलिम' आठवा. जिभेला न झेपणारी जोडाक्षरं फोडायला मधे स्वर घालायचा, हाच तो उद्योग.

चिनी कानानं आपल्यालाही सोडलेलं नाही. सातव्या शतकात ह्युएन त्सांग इथे आला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, आणि त्यानं या प्रदेशाचं नाव चिनी चिन्हांत लिहून ठेवलं. आजच्या उच्चारानं ते वाचलं तर होतं 'मो-ह-ला-छा'. हे म्हणजे महाराष्ट्र. आजच्या चिनी नकाशांत आपलं राज्य 'मा-हा-ला-शी-त-ला' असं असतं. साडेतेराशे वर्षांत चिन्हं बदलली, संख्या वाढली, पण र चा ल तो लच. बाय द वे, पुण्याला चिनी अजून 'पू-ना' म्हणतात. आपण पाट्या बदलल्या, त्यांच्या चिन्हांपर्यंत बातमी पोचलेली दिसत नाही.

हाच ह्युएन त्सांग परतीच्या वाटेवर खोतानला थांबला. तिथल्या नावाचं संस्कृत रूप त्यानं 'कुस्तन' असं नोंदवलं, म्हणजे पृथ्वीचा स्तन, आणि सोबत एक कथाही दिली की भूमीतून स्तन वर आला आणि त्यानं तिथल्या राजाच्या मुलाला दूध पाजलं. नाव परक्याच्या तोंडी गेलं की त्याला अर्थ चिकटवायची घाई सगळ्यांनाच असते.

'क्यू' आला कुठून

१९५८ मध्ये चीननं पिनयिन ही रोमन लिहिण्याची पद्धत स्वीकारली. झोउ योउग्वांग या भाषाशास्त्रज्ञाचा तिच्यात मोठा वाटा, हा गृहस्थ १११ वर्षं जगला आणि २०१७ मध्ये गेला. पिनयिन ही परदेशी पाहुण्यांसाठी केलेली नव्हती. चिनी मुलांना प्रमाण उच्चार शिकवायचे, हा मुख्य हेतू. त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला एखादं अक्षर कसं दिसेल, याची फिकीर करायचं कारणच नव्हतं.

अडचण अशी की मँडरिनमध्ये च-छ-श या घराण्यातले आवाज दोन रांगांत आहेत. एका रांगेत जीभ मागे वळते, दुसरीत ती पुढे सपाट राहते. रोमन लिपीत इतकी अक्षरं आणायची कुठून? मग जी अक्षरं चिनीत बेकार पडून राहिली असती ती कामाला लावली. 'एक्स'ला सपाट श चं काम दिलं, 'क्यू'ला सपाट छ चं. म्हणून मांचू राजघराण्याचं नाव 'क्यू'नं लिहितात आणि म्हणतात 'छिंग'. म्हणूनच शिनजियांगच्या सुरुवातीला 'एक्स' दिसतो.

एक अक्षर आणि त्याचा भलताच आवाज, यात विचित्र वाटण्यासारखं आपल्याला तरी काही नसावं. 'चार जनावरांना चारा घाल' या वाक्यात पहिला च वेगळा, दुसरा वेगळा. लिहिताना फरक नाही, वाचताना चुकणारा मराठी माणूस नाही, आणि बाहेरून आलेल्याला मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. गोव्यात फिरताना केपें तालुक्यात 'एक्स'नं सुरू होणारी पाटी दिसते, आणि ते गाव असतं शेल्डें. पोर्तुगीज वळणात एक्स म्हणजे श. खुद्द केपें मात्र 'क्यू'नं लिहितात आणि तिथे तो सरळ क असतो. रोमी कोंकणी वाचणाऱ्याचा चिनी नकाशावर निम्मा पेपर बरोबर येईल.

आता खरी गंमत. पिनयिन झाल्यावर काही वर्षांतच चीन सरकारनं उइगुर भाषेसाठीही नवी रोमन लिपी बनवली, आणि ती मुद्दाम पिनयिनच्या नियमांवर बेतली. शेकडो वर्षांची अरबी वळणाची लिपी बाजूला सारून शाळा, वर्तमानपत्रं, पाट्या या नव्या लिपीत गेल्या. या लिपीत उइगुर 'च' साठी अक्षर ठरलं 'क्यू', 'श' साठी 'एक्स'. उइगुर च आणि चिनी छ एकच नव्हेत, पण हाताशी असलेल्यांत जवळचा तोच. शिवाय दोन टिंबांचा 'यू' होताच. या लिपीत उरुमची लिहिलं की ते अगदी आज नकाशावर दिसतं तसंच दिसतं: टिंबांचा यू, आर, टिंबांचा यू, एम, क्यू, आय.

ही लिपी रुजली नाही. १९८२ मध्ये ती अधिकृतपणे मागे घेतली गेली आणि सुधारलेली अरबी वळणाची लिपी परत आली. मधल्या काळात शाळेत गेलेल्या पिढीची पंचाईत झाली. आजोबा एका लिपीत लिहिणार, वडील दुसऱ्या आणि नातू पुन्हा आजोबांच्या, पण नव्या नियमांनी. तिकडे सीमेपलीकडे सोव्हिएत कझाकस्तानातले उइगुर रशियन लिपीत लिहीत होते, ते वेगळंच.

लिपी गेली, पण नकाशे राहिले. १९७७ मध्ये अथेन्सला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या स्थलनाव परिषदेनं चिनी नावांसाठी पिनयिन मान्य केली, १९७९ पासून चीननं परदेशी भाषांतल्या आपल्या प्रकाशनांत ती लागू केली. पेकिंगचं बीजिंग झालं ते याच लाटेत. त्याच सुमाराच्या नियमांत एक समंजस तरतूद होती: उइगुर, मंगोल, तिबेटी नावं चिनी चिन्हांतून वळवून आणायची नाहीत, त्या त्या भाषेच्या उच्चारावरून थेट रोमनमध्ये लिहायची. म्हणून ल्हासा हे 'ल्हासा' राहिलं. चिनी चिन्हांवरून लिहिलं असतं तर ते 'लासा' झालं असतं. म्हणून चीनमधल्या इनर मंगोलियाच्या राजधानीचं मंगोल नाव, होहोत, वाचलं, नाहीतर ते 'हू-ह-हाओ-थ' झालं असतं. आणि म्हणून उरुमचीचं स्पेलिंग उइगुर उच्चारावरून ठरलं, पण लिहिलं गेलं ते त्या वेळी चालू असलेल्या, पिनयिनवर बेतलेल्या उइगुर लिपीच्या धर्तीवर. तीन-चार वर्षांत ती लिपी मोडीत निघाली. तिचा 'क्यू' मात्र जगातल्या प्रत्येक ॲटलासमध्ये, विमानतळाच्या फलकावर आणि बातमीत अडकून बसला. ज्यांच्यासाठी ती लिपी काढली त्या उइगुरांपैकी आज कुणी रोमनमध्ये लिहायला बसलं तर 'च' साठी सरळ सी-एच वापरतं.

एवढ्यावर भागत नाही. २००० च्या सुमारास संगणक आणि इंटरनेटसाठी उइगुरांची आणखी एक रोमन पद्धत तयार झाली. तिच्यात च म्हणजे सी-एच, श म्हणजे एस-एच. मग मोकळा झालेला 'क्यू' त्यांनी दिला घशातल्या क ला, उर्दूतल्या काफसारखा. 'एक्स' दिला ख च्या घर्षणाला, 'खबर' उर्दू माणूस म्हणतो त्या ख ला. म्हणजे एकाच भाषेच्या रोमन लिखाणात, नकाशावरचा क्यू म्हणजे च, आणि उइगुर माणसाच्या मोबाइलवरचा क्यू म्हणजे क. काशगर तो क्यूनं लिहील, कारण त्याच्या उच्चारात तो घशातला क आहे. आणि खोतान लिहील एक्सनं.

चीनच्या नकाशावरची बाकीची नावंही याच किल्लीनं उघडतात. कुचाच्या मधे क्यू आहे. कुमारजीवाचं हे गाव, ज्यानं चौथ्या-पाचव्या शतकात संस्कृत बौद्ध ग्रंथ चिनीत नेले. आपल्याकडे बौद्ध इतिहासाच्या पुस्तकांत ते नीट कुचा असतं आणि बातम्यांत आलं की 'कुका' होतं. तकलामकानच्या दक्षिण काठावर चार्चान नावाचं गाव आहे, त्यात क्यू दोनदा आहे. न सांगता वाचलं तर 'कारकान'. आणि माझं आवडतं, पाकिस्तानातून खुंजेराब खिंड ओलांडली की लागणारं ताशकुर्गान. ताश म्हणजे दगड, कुर्गान म्हणजे किल्ला. दगडाचा किल्ला. हाच ताश ताश्कंदमध्ये आहे, जिथे लालबहादूर शास्त्री गेले. नकाशावर श साठी एक्स आल्यानं ते दिसतं टी-ए-एक्स, आणि वाचणारा म्हणतो 'टॅक्सकोरगन'. सीमेवरच्या जकातीच्या गावाला नाव शोभतं, पण ते तसं नाही.

काशगरची तऱ्हा आणखी निराळी. त्याचं चिनी लांब नाव 'खा-शी-गा-अर', ते कापून दोन चिन्हांवर आणलं, आणि रोमनमध्ये ते दिसतं के-ए-एस-एच-आय. आपला माणूस ते वाचून बनारसला जायला निघेल.

मधलं नाव

या सगळ्यात एक काळ असा होता की शहराचं नाव उरुमची नव्हतंच, निदान कागदावर. छिंग सम्राटानं १७५० च्या दशकात झुंगारांचं राज्य पार मोडून काढलं. त्यानंतर तिथे उभारलेल्या तटबंदीच्या गावाला १७६३ मध्ये नाव मिळालं 'दीहुआ'. अर्थ साधारण 'मार्ग दाखवून सुधारणं'. कुणी कुणाला सुधारायचं, हे सांगायची गरज नाही. १८८४ मध्ये शिनजियांग हा प्रांत झाला तेव्हा त्याची राजधानी दीहुआच होती, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या टपालावर आणि नकाशांवर 'तिहवा' असं रूप सापडतं.

पण सरकारनं नाव दिलं म्हणून लोक ते घेतातच असं नाही. जी युन हा दरबारातला मोठा विद्वान, एका नातेवाइकाला आतली खबर पोचवल्याबद्दल १७६८ मध्ये हद्दपार होऊन तिथे येऊन पडला. सुटका झाल्यावर त्यानं या मुक्कामावर दीडशेहून अधिक कविता लिहिल्या, आणि त्या संग्रहाच्या नावात सम्राटानं दिलेलं दीहुआ नाही, वूलूमूछी आहे.

कम्युनिस्ट सरकारनं १९५१ मध्ये आदेश काढला की अल्पसंख्याक लोकांना कमी लेखणारी गावांची नावं बदलावीत. त्यानुसार १९५४ मध्ये दीहुआ पुन्हा उरुमची झालं, आणि त्याच वर्षी ग्वेइस्वेइचं होहोत झालं. या सरकारच्या शिनजियांगमधल्या धोरणांबद्दल म्हणण्यासारखं पुष्कळ आहे, पण हा निर्णय मला बरोबर वाटतो.

शांघायचा तो रस्ताही याच फेऱ्यातून गेला. फ्रेंच वसाहत असताना त्याला फ्रेंच नाव होतं, १९४० च्या दशकात तो दीहुआ रस्ता झाला, आणि शहराचं नाव बदलल्यावर वूलूमूछी रस्ता. मग पाटीवर उइगुर उच्चाराचं स्पेलिंग का नाही? कारण ती थेट उच्चाराची सवलत शिनजियांगमधल्या शहराला आहे, शांघायमधल्या रस्त्याला नाही. शांघायच्या हिशेबानं ते चार चिनी चिन्हांचं चिनी नाव, आणि ते पिनयिनमध्ये जसं उतरेल तसं. सुरुवातीच्या बातमीतली दोन स्पेलिंगं ती हीच. एक उइगुर तोंडातून निघालं, दुसरं चिनी चिन्हांतून फिरून आलं. शेवटचा 'क्यू' दोन्हीकडे सारखा आहे, पण एकीकडे तो उइगुर च आहे आणि दुसरीकडे चिनी छ.

दीहुआ हे नाव मात्र एका ठिकाणी शिल्लक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तैवान चीनच्या राष्ट्रवादी सरकारच्या हाती आलं तेव्हा तैपेईच्या रस्त्यांना चीनच्या शहरांची नावं देताना जणू चीनचा नकाशाच शहरावर पसरला: वायव्य चीनमधली नावं तैपेईच्या वायव्य भागात. तिथल्या जुन्या व्यापारी पेठेला मिळालं दीहुआ. १९५४ चा निर्णय मुख्य भूमीवरच्या सरकारचा, तो तैपेईत लागू व्हायचा प्रश्नच नव्हता. आजही चिनी नववर्षाच्या आधी तैपेईकर सुकवलेले मशरूम, सुकी मासळी, चहा आणि जडीबुटी घ्यायला दीहुआ स्ट्रीटवर गर्दी करतात. आपल्या दिवाळीच्या आधी मशीद बंदरला मसाला आणि सुकामेवा घ्यायला होते तशी.

मग मराठीत काय लिहायचं

इतर भाषांनी काय केलं ते बघा. जर्मन लोकांना च लिहायला चार अक्षरं लागतात, ती त्यांनी निमूटपणे लिहिली. फ्रेंचांनी आपल्या पद्धतीनं टी-सी-एच घातला. तुर्कांनी सी ला खाली शेपटी दिली. रशियनांकडे च साठी एक अक्षर आहेच. इंग्रजीतही जुन्या प्रवासवर्णनांत सी-एच असायचा, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं इंग्रजी पुस्तक वाचणारा माणूस आजच्या वाचकापेक्षा बरा उच्चार करत असे. ज्यानं त्यानं च चा आवाज आपल्या लिपीत बसवला. आपल्याकडे तर च आयता आहे, आणि आपणच तो सोडून रोमन अक्षराला क लावत बसलो. इराक, कतार यांची सवय, दुसरं काय. क्यूच्या मागे यू नाही म्हटल्यावर अरबी समजून मोकळे.

मी आता 'उरुमची' लिहितो. म ला हलन्त नाही, मराठी वाचणारा आपोआप 'उरुम्ची' म्हणतो. ची दीर्घ, आपल्या नियमाप्रमाणे. दोन टिंबांचा तो स्वर देवनागरीत नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. उइगुरांनाही आपला ळ लिहिता यायचा नाही. चीन सरकारच्या किंवा चिनी माणसाच्या तोंडचं वाक्य असेल तर 'वूलूमूछी' चालेल, पण मग पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे उरुमची' एवढं जोडावं.

एक अडचण उरतेच. हे नाव मराठी वाक्यात टाकलं की षष्ठीसारखं दिसतं. 'उरुमची लोकसंख्या' असं मथळ्यात आलं तर वाचक विचारणार, उरुम कुठे आहे? माझ्या एका मजकुरात मुद्रितशोधनात कुणीतरी खरोखरच 'उरुमचीची' मधली एक ची जादा समजून उडवली होती. शहराची वस्ती चाळीस लाखांवर आहे, हे सांगायचं असेल तर 'उरुमचीची लोकसंख्या' असंच लिहावं लागतं, दोन्ही ची ठेवून, आणि मुद्रितशोधकाला आधी फोन करून.